जोर कुठे द्यायचा

नाहूरला आमच्या मजल्यावर राहणारी एक मुलगी सध्या रोज संध्याकाळी इंग्रजी उच्चारांचा सराव करते. मुलाखत खाडीपलीकडे, ऐरोलीला. काम फोनवर परदेशी गिऱ्हाइकांशी बोलण्याचं. ओठांसमोर कागदाची बारीक पट्टी धरून ती 'पेन' म्हणते. पट्टी हलत नाही. इंग्रज हाच शब्द म्हणतो तेव्हा 'प'बरोबर श्वासही सुटतो आणि पट्टी थरथरते. असा श्वास आपल्या 'ख'मध्ये, 'ठ'मध्ये असतोच. तो इथेही सोडायचा असतो, एवढंच तिला कुणी सांगितलं नव्हतं.

ती मराठी माध्यमात शिकलेली. कॉलेजात अशा मुलांना 'व्हर्नी' म्हणतात, आणि त्या एका शब्दानं किती मुलांची तोंडं कायमची बंद झाली असतील! मला याचा मनापासून राग येतो. प्रत्येक भाषा जिभेला तिचं वळण लावते. थाई भाषेत शब्दाच्या शेवटी 'ल'चा 'न' होतो, म्हणून थाई माणसाच्या तोंडी 'फुटबॉल'चा 'फुटबॉन' होतो. बँकॉकच्या विमानतळाचं नाव सुवर्णभूमी, पण तिथली माणसं 'सुवन्नफूम' म्हणतात. ते ऐकून आपण त्यांना अडाणी म्हणत नाही.

उलट मराठी कान चांगला तयार असतो. साऱ्या जगातला 'जग' आणि पाण्याचा 'जग' आपण लिहितो सारखाच, पण दोन्हींचे 'ज' वेगळे, आणि ते बोलताना लहान मूलही चुकत नाही. 'बॅट'मधला ॲ, 'बॉल'मधला ऑ आपण लिपीतसुद्धा सामावून घेतलेत.

गाडी अडते ती आघातावर. मराठीत आपण सगळी अक्षरं जवळपास सारख्या वजनानं बोलतो. इंग्रजीत 'फोटोग्राफ'चा जोर 'फो'वर, 'फोटोग्राफर'मध्ये तो 'टो'वर सरकतो, 'फोटोग्राफिक'मध्ये 'ग्रा'वर जातो, आणि उरलेली अक्षरं पुसट होतात. ऐकणारा शब्द ओळखतो तो बराचसा या जोरावरून. आपल्या राज्यात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, पण परीक्षा मुख्यतः लेखी, त्यामुळे आघाताची वर्गात आठवण कुणाला होणार? नेमकं तेच आधी शिकवायला हवं. गोऱ्यांची नक्कल करण्यासाठी नव्हे, तर पलीकडच्या माणसाला आपलं म्हणणं पहिल्याच वेळी कळावं म्हणून.

मी तिला पट्टी जरा बाजूला ठेवायला सांगितलं. आता ती टेबलावर बोटानं ठेका धरते: 'कस्टमर'ला पहिल्या अक्षरावर, 'कंप्लेंट'ला दुसऱ्यावर, 'गॅरंटी'ला शेवटच्यावर. पहिले दोन बसलेत. 'गॅरंटी' मात्र अजून हट्टानं 'गॅ'वरच जोर घेते, आणि मुलाखत सोमवारी आहे.