अपुरे राहिलेले काम



काम अर्धवट राहिले की आपण म्हणतो, श्रम वाया गेले. खरेच तसे असते का?

लक्ष्मीबाई टिळक आपल्याच गोदाकाठच्या, नाशिकजवळील जलालपूरच्या. त्यांचे पती रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१९ साली वारले, तेव्हा त्यांच्या ‘ख्रिस्तायन’ काव्याचे जेमतेम दहा अध्याय झाले होते. कधी शाळेत न गेलेल्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेले. १९३६ साली त्याही गेल्या. उरलेला शेवट पुत्र देवदत्त यांनी केला. पूर्ण ग्रंथ त्या दोघांनी पाहिलाच नाही. म्हणून त्यांचे श्रम वाया गेले का?

गारपिटीने बाग झोडपली, मुलाची नोकरी लांबली, की आपणही खचतो. फळ आपल्याच हाती येईल, असे वचन आपल्याला मिळालेले नाही. आजचा वाटा मात्र आपला आहे. तो आपण करू या.