अंधारात संपणारे स्तोत्र

धर्मग्रामातील लहान समूह बायबल वाचनासाठी जमला की एक प्रश्न कधी ना कधी पुढे येतोच : मन परमेश्वरावर रुसलेले असताना केलेली उपासना ढोंग ठरत नाही काय?

स्तोत्रसंहितेतील दोन स्तोत्रे या प्रश्नाला सामोरी जातात. १३ वे स्तोत्र अवघ्या ६ वचनांचे. ते आक्रोशाने सुरू होते आणि स्तुतिगानाने संपते. ८८ वे स्तोत्र मात्र अंधारातच थांबते. तरीही ख्रिस्तसभेने ते दूर सारले नाही. शुक्रवारी झोपण्यापूर्वीच्या आपल्या अधिकृत प्रार्थनेत तिने त्याची योजना केली आहे. त्यातील आर्त हाक परमेश्वरालाच मारलेली आहे. ज्याच्यावरचा विश्वास पुरता उडाला, त्याच्या दारी कोणी गाऱ्हाणे नेत नाही. म्हणून असे गाऱ्हाणे हीसुद्धा उपासनाच होय.

मग समूहाने काय करावे? ईयोबाचे मित्र ७ दिवस व ७ रात्री त्याच्याजवळ मूक बसले, तोवर ते त्याचे सोबती होते. पुढे ते देवाची बाजू मांडू लागले, आणि अखेरीस देवाने त्यांनाच दोष दिला. दुःखिताला तत्काळ आनंद करायला सांगणे ही श्रद्धा नव्हे. पुष्कळदा ती आपलीच अस्वस्थता असते. ज्या रात्री एखाद्याच्या ओठी स्तुती येत नाही, त्या रात्री इतरांनी ती त्याच्यासाठी म्हणावी, आणि त्याचे गाऱ्हाणे आपले मानावे. एकत्र जमण्याचे प्रयोजन याहून वेगळे ते कोणते?