शेवटच्या भिडूसाठी

श्रावणातला रविवार. भिवंडीच्या नदीनाक्याला कामवारी ओलांडून सायकलींचा घोळका अंबाडीमार्गे वज्रेश्वरीला निघालाय. घडीत सर, घडीत ऊन. कुणाची चेन उतरते, कुणाला चढावर धाप लागते. पुढचे टपरीपाशी थांबतात. शेवटचा भिडू पोचला की मगच चहा सांगायचा.

१७३९ मध्ये वसई जिंकण्याआधी चिमाजी अप्पांनी याच वज्रेश्वरी देवीला नवस केला, असं सांगतात. या मंडळींचा नवस एवढासाच: अकलोलीच्या गरम कुंडांपाशी सगळ्यांनी मिळून पोचावं.

आठवडाभर आपण मागावरच्या धोट्यासारखे एकटेच धावतो. पाऊस आपल्या हाती नाही. सोबत्यासाठी ब्रेक दाबणं मात्र आहे. आज तुम्ही कुणासाठी थांबाल?