आई, तुम्ही बसा!

भारतातून आई-वडील सहा महिन्यांसाठी इथे आले, की आपल्या घरांतून एक वाक्य दिवसातून दहा वेळा ऐकू येते : ‘आई, तुम्ही बसा, मी करते.’ या वाक्यात प्रेम आहे, संस्कार आहेत. आयुष्यभर राबलेल्या माणसाला विश्रांती द्यावी, हीच सेवा, असे आपण मानत आलो. पण ज्या शरीराची ही सेवा चालते, त्याला ती मानवते का?

१९६१ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत अलेक्झांडर मॉरो यांना बेडकाच्या स्नायूत, तंतूच्या आवरणाखाली चिकटून बसलेल्या इवल्याशा पेशी दिसल्या. त्यांना नाव मिळाले ‘सॅटेलाइट सेल’. या स्नायूच्या मूलपेशी, म्हणजेच स्टेम सेल. आपल्याही अंगात त्या आहेत. एरवी त्या झोपलेल्या असतात. तंतूला इजा झाली किंवा सवयीपेक्षा जास्त भार पडला, की जाग्या होतात आणि एकीच्या अनेक होतात. त्यांतल्या काही तंतूत मिसळून त्याची डागडुजी करतात, काही पुढच्या वेळेसाठी राखीव राहून पुन्हा झोपी जातात. नुसता स्नायू वाढायला त्या कितपत लागतात, याबद्दल शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. दुरुस्ती मात्र त्यांच्यावाचून होत नाही.

वय झाले की त्यांची संख्या घटते, हाकेला ओ द्यायलाही त्या वेळ लावतात. ‘म्हातारपण म्हणजे हेच’ असे म्हणून विषय संपला असता. पण २००५ साली स्टॅनफर्डच्या शास्त्रज्ञांनी म्हाताऱ्या आणि तरुण उंदरांचे रक्ताभिसरण एकमेकांना जोडले, आणि म्हाताऱ्या उंदरांच्या याच पेशी पुन्हा जोमाने कामाला लागल्या. म्हणजे पेशी संपल्या नव्हत्या, त्यांना जागे करणारे काही उरले नव्हते! इथे ययातीची आठवण होणारच. पुरूचे तारुण्य मागणारे बाप आजही आहेत. अमेरिकेत तरुणांच्या रक्तातला द्रव हजारो डॉलरना विकला जाऊ लागला, आणि त्याचा फायदा सिद्ध झालेला नाही असा इशारा सरकारी औषध खात्याला २०१९ साली द्यावा लागला. असो.

उंदीर राहू द्या, माणसांचे पाहू. १९९० साली बॉस्टनमध्ये वृद्धाश्रमातल्या, नव्वदीच्या आसपासच्या दहा अशक्त माणसांकडून आठ आठवडे पायांनी वजने उचलण्याचा व्यायाम करून घेतला. जे शेवटपर्यंत टिकले, त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. याच्या उलटही पाहिले गेले आहे. साठी ओलांडलेली बारा निरोगी माणसे दहा दिवस अंथरुणात पडून राहिली, तर प्रत्येकाच्या पायांतले सरासरी जवळजवळ एक किलो मांस झडले. दहाच दिवसांत!

मग सहा महिने सोफ्यावर बसवणे ही सेवा म्हणायची का?

‘इथे पडल्या तर?’ ही भीती खोटी नाही. हॉस्पिटलचे बिल आणि पाहुण्यांचा तो अपुरा इन्शुरन्स आपल्याला ठाऊक आहे. गुडघे, हृदय दुखणाईत असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही करू नये. पण मनाशी खरे बोलायचे, तर यात त्यांची काळजी किती आणि आपली सोय किती? मोदकाची उकड मळायला आईंना वेळ लागतो, ओटाभर पीठ सांडते आणि आपल्याला तर कामावर पोचायचे असते. गावी दोन पिशव्या भरून मंडईतून चालत येणारे बाबा इथे दुधाचा कॅन उचलायला गेले, की आपण तो हातातून काढून घेतो. शिवाय त्यांना विचारतो कुठे?

अर्थात दुसरे टोकही नको. जन्मभर चुलीपुढे उभी राहिलेली बाई ‘आता पुरे’ म्हणाली, तर मूलपेशींचे व्याख्यान देऊन तिला पुन्हा कामाला जुंपणे हा निव्वळ अन्याय. काय करायचे आणि काय सोडायचे, हे तिने ठरवावे. ओळखीतल्या एका आजींना सुनेने गेल्या गणपतीत सरळच विचारले. त्या म्हणाल्या, ‘नारळ मी फोडते, खवतेही मीच. भांडी मात्र तू मशीनला लाव.’