खिशातली माळ

पुरुषाच्या खिशात काय सापडेल याचा नेम नसतो. किल्ल्या, सुटे पैसे, रेल्वेचा पास, वाण्याच्या यादीचा चुरगळलेला कागद, डोकेदुखीची गोळी आणि आता मोबाईल नावाचा तो सदा कुरकुरणारा पाहुणा. आम्हां शाळामास्तरांच्या खिशात खडूचा तुकडाही असतो आणि तो बाकीच्या सर्व वस्तूंना समभावाने पांढरे करून सोडतो. या गर्दीत वसईकडच्या आम्हां कॅथॉलिक पुरुषांना आणखी एका वस्तूची सोय पाहावी लागते. ती म्हणजे जपमाळ. आमच्या रोजच्या बोलण्यातली रोझरी. ती नेहमी जवळ बाळगावी, असे लहानपणापासून कानी पडलेले असते. कशी बाळगावी, हे मात्र कोणी सांगत नाही.

प्रश्न शिंप्याला विचारावा असा वाटेल. सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवली, तर वाकल्याबरोबर बाहेर पडते. पँटच्या खिशात ठेवली, तर किल्ल्यांत अशी गुंतते की घराचे कुलूप उघडताना आधी माळ सोडवावी लागते. गळ्यात घातली तर लोक पाहतात, आणि घरीच ठेवली तर बाळगली असे होत नाही. परंतु या प्रश्नाची शिवण थोडी उसवली की आत निराळेच अस्तर दिसते. देवाशी चाललेला आपला व्यवहार माणसाने चारचौघांत किती उघडा ठेवावा, हे ते अस्तर होय. आणि ते काही एकट्या कॅथॉलिकांच्या कपड्यांना नसते.

ज्या वाचकांनी ही माळ हातात घेतलेली नाही, त्यांच्यासाठी दोन शब्द. हिंदूंच्या जपमाळेत १०८ मणी आणि एक मेरुमणी. मुसलमान बांधवांच्या तस्बीहीत ९९ किंवा ३३. आमच्या माळेत ५९. दहा-दहांचे पाच गट, मधून मधून एकेक सुटा मणी, आणि खाली लोंबणाऱ्या छोट्या दोरीच्या टोकाला क्रूस. लहान मण्यावर मरियेला नमस्कार, सुट्या मण्यावर स्वर्गातील बापाची प्रार्थना. पूर्वी अशा तीन फेऱ्या मिळून १५० नमस्कार होत. स्तोत्रसंहितेतल्या १५० स्तोत्रांच्या जागी अक्षरशत्रू माणसाने म्हणावयाचे ते हे स्तोत्र. म्हणजे मुळात ही निरक्षरांची पोथी. २००२ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी तीत प्रकाशाच्या रहस्यांची भर घातली आणि तीनाच्या चार फेऱ्या झाल्या. एका फेरीला वीसेक मिनिटे पुरतात. ऑक्टोबर महिना या माळेचा, अशी प्रथा पोप तेरावे लिओ यांनी १८८३ साली घालून दिली. त्यामुळे आमच्याकडे पुष्कळदा एका घरी संध्याकाळी माळ चालू असते आणि शेजारच्या घरी आकाशकंदिलाच्या कामट्या बांधणे चालू असते. दोन्ही घरची मुले या वेळी एकमेकांच्या घरात असतात, हा भाग वेगळा.

आमच्या आजोबांच्या पिढीला हा खिशाचा प्रश्न पडला नाही, कारण त्यांना खिसेच फारसे नव्हते. पैसा, तंबाखू आणि माळ, तिघांचा मुक्काम कनवटीला. पहाटे केळीला पाणी सोडताना रहाटावर बैल फिरत, आणि बैलामागून फिरणाऱ्या माणसाच्या बोटांत मणी फिरत. त्यात कोणाला विशेष भक्ती दिसत नसे, तसा संकोचही दिसत नसे. पुढे रहाट गेले, विजेचे पंप आले, वाड्यांतली तरुण मंडळी मुंबईला नोकरीला जाऊ लागली. विरारहून चर्चगेटला जाणारी सकाळची लोकल ज्यांनी पाहिली आहे त्यांना तिच्यातली भजनी मंडळी ठाऊक असतील. डब्याच्या पत्र्यावर ठेका धरून, टाळ वाजवून, हार घातलेल्या तसबिरीसमोर ती मंडळी असे गातात की झोप मोडल्याचा राग येत नाही. त्याच डब्यात दाराशी उभा असलेला, एक हात वरच्या कडीला आणि दुसरा खिशात असलेला, ओठ न हलवणारा एखादा गृहस्थ असतो. भाईंदरची खाडी येईपर्यंत त्याच्या दोन-तीन दहाव्या झालेल्या असतात. मला हे दृश्य फार आवडते. एकाचा देव टाळ्यांत आणि दुसऱ्याचा खिशात. पण गाडी एकच आणि उशीर झाला तर साहेबाची बोलणीही सारखीच.

तरी मनात येते की त्या गृहस्थाचा हात खिशातच का? भजनी मंडळींना लाज वाटत नाही, मग त्याला का वाटावी?

घाईने उत्तर देऊ नये. हात झाकण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. जप करताना माळ दिसू नये म्हणून गोमुखी असते. गाईच्या मुखाच्या आकाराच्या त्या पिशवीत हात घालून मणी ओढायचे. ती शिवणाऱ्यांना लाज वाटत होती असे कोणी म्हणणार नाही. जप ही मोजून दाखवायची मिळकत नव्हे, एवढेच तीत अभिप्रेत आहे. ख्रिस्तानेही डोंगरावरील प्रवचनात सांगितले की प्रार्थना करायची तर आतल्या खोलीत जा आणि दार लावून घे. अडचण ही की त्याच प्रवचनात, थोडे आधी, दिवा लावून तो मापाखाली झाकून ठेवू नये असेही सांगितले आहे. एकाच प्रवचनातली ही दोन वाक्ये. वर्गात मुले असा विसंगतीचा धागा पकडतात तेव्हा मास्तर घंटेची वाट पाहतात. येथे घंटा नाही.

वारकऱ्याच्या तुळशीमाळेने हा पेच सोडवलेला आहे, पण तो तिच्या परीने. ती गळ्यात आणि उघड असते, कारण ती शपथ आहे. माळ घातली की मद्य सुटले, मांस सुटले, वारी लागली. ‘माळकरी’ हा शब्दच गावाला दिलेले जाहीर वचन आहे; पंगतीत वाढणारासुद्धा ती माळ पाहून हात आवरतो. आमची माळ शपथ नव्हे. ती मोजणीचे साधन आहे, चालत्या माणसाच्या काठीसारखे. म्हणून ती दागिन्यासारखी गळ्यात मिरवली, किंवा मोटारीच्या आरशाला टांगून दिली आणि महिनोन् महिने धूळ खात ठेवली, की मला थोडे चुकल्यासारखे वाटते. काठी खुंटीला शोभेसाठी टांगणाऱ्या धडधाकट माणसाकडे पाहून वाटावे तसे. पण आरशाला टांगलेली ती माळ सिग्नलला थांबल्यावर खरोखर हातात घेणारे रिक्षावालेही मी पाहिले आहेत; तेव्हा टांगण्याला माझी सरसकट हरकत नाही.

मला वाटते, आपल्या मराठीत या पेचाचे उत्तर दोन क्रियापदांत आहे. झाकणे आणि लपवणे. दूध झाकतात, निखारा राखेने झाकतात, झोपलेल्या लेकराला पांघरूण घालून झाकतात. चोरीचा माल लपवतात. बाहेरून दोन्ही कृती सारख्याच दिसतात. एक वस्तू दिसेनाशी होते. झाकणाऱ्याला वस्तूची काळजी असते, लपवणाऱ्याला स्वतःची.

आता यावर आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. लपवणारे सगळेच काही भेकड नसतात. आयर्लंडमध्ये सतराव्या-अठराव्या शतकांत कॅथॉलिकांवर कडक कायदे होते. त्या काळी तिथले पुरुष एकाच दहावीची आखूड माळ बाळगत, असे सांगतात. तिच्या एका टोकाला अंगठी. ती अंगठ्यात अडकवायची आणि मणी बाहीत सोडायचे. दहा झाले की अंगठी पुढच्या बोटात. जपानात तर याहून दारुण. आमच्या वसईचा गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला क्रूसावर गेला. १८६२ साली रोमने त्याला संत म्हणून गौरवले. त्याच्यामागे १६१४ साली त्या देशात ख्रिस्ती धर्मावर सर्वत्र बंदी आली. संशयितांना ख्रिस्ताच्या वा मरियेच्या प्रतिमेवर पाय ठेवायला लावीत. घरात माळ सापडणे म्हणजे जिवाशी खेळ. तरी नागासाकीच्या परिसरातील काही खेड्यांनी धर्मगुरूंवाचून, पोथ्यांवाचून प्रार्थना तोंडी जपल्या, आणि १८६५ साली ओउरा येथील नव्या चर्चमध्ये येऊन तिथल्या फ्रेंच फादरांना आपली ओळख दिली. अडीचशे वर्षे त्यांनी लपवले असे इतिहास म्हणेल. मी म्हणेन, झाकले.

अशी माणसे डोळ्यांसमोर ठेवली की आपल्या संकोचाचा हिशेब जरा निराळा दिसू लागतो. आपल्याला कोण काय करणार आहे? फार तर बाजूच्या बाकावरचा सहप्रवासी क्षणभर पाहील. तरी रुमाल काढताना माळ बाहेर आली की आपण ती किती चपळाईने आत ढकलतो! काही जण म्हणतात, माळ हे बायकांचे काम. घरी संध्याकाळची माळ आजी चालवते, पुरुष मागून ओ देतो. म्हणून त्याला ती वस्तू बायकी वाटते. ही अडचण दुकानदारांनी ओळखली आहे. हल्ली पुरुषांसाठी म्हणून काळ्या, जाड, लोखंडी साखळीच्या माळा मिळतात. त्या पाहिल्या की म्हैस बांधता येईल असे वाटते. त्यांना माझा विरोध नाही. पण जी प्रार्थना निम्म्याहून अधिक एका आईला उद्देशून आहे, तिच्यात पुरुषार्थ शोधण्याची एवढी धडपड कशाला, ते मला कळत नाही.

खरे कारण बायकीपणाचे नाही. माळ दिसली की लोक आपल्याकडून जरा जास्त अपेक्षा करू लागतात, हे खरे कारण. शिवी देताना, रांगेत घुसताना, वजनात मारताना ती माळ आड येते. माझ्या माहितीतले एक गृहस्थ एका कचेरीत कारकून होते. माळ सदऱ्याच्या डाव्या खिशात असे. पुढे त्यांना अशा टेबलावर बसवले की जिथे लोक कागदाबरोबर आणखी काही सरकवतात. काही दिवसांनी त्यांनी माळ घरी देव्हाऱ्यात, म्हणजे आमच्या आल्तारीवर, ठेवून यायला सुरुवात केली. का, तर कचेरीत ती हरवेल म्हणून! घरच्यांनाही ते पटले. या माणसाला मी ढोंगी म्हणणार नाही. उलट, त्याला माळेचा अर्थ फार चांगला कळला होता. म्हणूनच ती त्याला खिशात सोसवेना. ज्यांना ती तशा खिशातही सहज राहते, त्यांचे मला अधिक भय वाटते.

आणि जे बाळगतात पण म्हणत नाहीत, त्यांचे काय? या प्रश्नाने मला बरेच दिवस अडवून ठेवले आहे. आमच्या आळीतले एक निवृत्त फिटर आहेत. त्यांचा तरुण मुलगा तीन दिवसांच्या तापाने गेला. त्या दिवसापासून त्यांनी माळ म्हटलेली नाही. अकरा वर्षे झाली. रविवारी मिसाला येतात, मागे उभे राहतात. एकदा रस्त्यात थांबून त्यांनी खिशातून माळ काढून मला दाखवली. “मास्तर, म्हणत नाय मी. पण रोज सकाळी कालच्या पँटीतून काढतो न् आजच्या पँटीत घालतो. ही लबाडी झाली का?”

मी त्या वेळी काही बोललो नाही; त्यांनाही बोलणे नको होते. पुढे विचार करता मला आपल्याकडचा अबोला आठवला. दोन भाऊ अबोला धरतात, नवरा-बायको धरतात. परक्या माणसाशी कोणी अबोला धरत नाही. त्याच्याशी नुसते बोलणे नसते. अबोला धरायला घर एक असावे लागते, आणि पान शेजारी मांडलेले असावे लागते. रोज सकाळी या पँटीतून त्या पँटीत जाणारी ती माळ मला तशा मांडलेल्या पानासारखी वाटते. ते जेवतील की नाही, मला ठाऊक नाही. पण त्यांनी ती आल्तारीवर ठेवून दिली नाही, हे मला त्या कारकुनाच्या शेजारी ठेवून पाहावेसे वाटते.

याच्या उलट टोकाची एक गोष्ट पॅरिसची आहे. ज्या आंद्रे-मारी अँपिअरच्या नावाने आपण विजेचा प्रवाह मोजतो, त्याच्या घरी १८३१ साली ओझानाम नावाचा अठरा वर्षांचा विद्यार्थी राहायला आला. श्रद्धेविषयी त्याच्या मनात तेव्हा खळबळ होती. एकदा तो एका चर्चमध्ये शिरला तो कोपऱ्यात हा जगन्मान्य शास्त्रज्ञ गुडघे टेकून माळ ओढताना दिसला, अशी आठवण सांगतात. अँपिअर कोपऱ्यात होता, व्यासपीठावर नव्हता. कोणी पाहील हे त्याच्या गावीही नव्हते. ओझानामने १८३३ साली मित्रांसह गरिबांच्या मदतीसाठी जी संस्था काढली, ती पुढे सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी झाली, आणि तिची माणसे आज आमच्या वसईतल्या पॅरिशांतूनही आजाऱ्यांच्या घरी धान्य पोचवतात. झाकलेला निखाराही कधी कधी शेजाऱ्याची चूल पेटवतो तो असा.

आता मूळच्या शिंपीकामाकडे वळू. माझा अनुभव असा की रोजच्यासाठी गाठींची सुती माळ सर्वांत बरी. ती वाजत नाही, मोबाईलच्या काचेला ओरखडे काढत नाही, किल्ल्यांशी भांडत नाही आणि घामाने काळी पडली तर साबणाने धुता येते. चांदीची किंवा काचमण्यांची असेल तर तिला कापडी बटवा शिवून घ्यावा; पानसुपारीचा जुना बटवाही चालतो, फक्त कात नीट झटकावा. ज्यांना खिशात काहीच खपत नाही त्यांच्यासाठी दहा कंगोऱ्यांची अंगठी मिळते. मात्र ती खडूच्या हाताला सारखी बोचते, म्हणून मी सोडून दिली. जागा अशी निवडावी की हात आपोआप तिथे जाईल. माझा डावा खिसा. उजव्या हातात खडू किंवा पिशवी असते. तुटलेली माळ केरात टाकू नये. आशीर्वादित वस्तू आहे, ती जाळावी किंवा मातीत पुरावी. आमच्या परसात माडाच्या बुंध्याशी तशा दोन-तीन पिढ्यांच्या माळा आहेत.

आणि या दिवसांत दिवाळीची साफसफाई चालू असताना जुने कपडे बोहारणीला देण्यापूर्वी घरच्यांनी खिसे तेवढे चाचपून पाहावेत.