पहिल्या वर्षाचे आकडे आणि उद्याचा संघ

अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉलचा हंगाम नोव्हेंबरात सुरू होतो आणि एप्रिलच्या सुरुवातीस संपतो. परंतु आपल्या विद्यापीठाच्या संघावर जीव असलेल्या चाहत्यांच्या विचाराला खरी धार हंगाम संपल्यावरच येते, कारण कोण पदवी घेऊन जाणार, कोण व्यावसायिक संघांकडे वळणार आणि राहणाऱ्यांपैकी कोणाच्या बळावर पुढचा संघ उभा राहणार, हे प्रश्न त्याच वेळी समोर येतात. या चर्चेला रिकामपणची करमणूक मानणे बरोबर नाही. जेथे खेळाडूची कारकीर्द साधारणतः चार हंगामांची असते आणि संघाचा चेहरा दरवर्षी बदलतो, तेथे येणाऱ्या वर्षांचा अंदाज घेणे हा संघाशी जडलेल्या नात्याचाच भाग असतो. मात्र हा अंदाज बहुधा एका गल्लतीवर उभा असतो. खेळाडूला संघात मिळालेली जागा आणि त्याची स्वतःची क्षमता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण आकड्यांच्या तक्त्यात त्या एकजीव होऊन येतात. त्यांची फारकत केल्याशिवाय नवख्या खेळाडूविषयीचे कोणतेही मत, स्तुतीचे असो वा निराशेचे, ग्राह्य धरता येत नाही.

या चर्चेत प्रथम वर्षाच्या खेळाडूला आज जे महत्त्व आहे ते पूर्वी नव्हते. १९७२ पर्यंत, काही अपवाद वगळता, प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना विद्यापीठाच्या मुख्य संघातून खेळण्याची मुभाच नव्हती. त्यांचा वेगळा संघ असे. २७ नोव्हेंबर १९६५ रोजी लॉस एंजेलिसमधील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या, म्हणजे यूसीएलएच्या, नव्या पॉली पॅव्हिलियन या क्रीडागृहात अशाच प्रथम वर्षाच्या संघाने आपल्याच विद्यापीठाच्या मुख्य संघाला ७५-६० असे हरवले. हरलेला संघ लागोपाठ दोन वर्षे राष्ट्रीय विजेता होता आणि हरवणाऱ्यांत लू अल्सिंडर होता, जो पुढे करीम अब्दुल-जब्बार या नावाने जगाला माहीत झाला. नियमामुळे त्याला वर्षभर थांबावे लागले, आणि त्यानंतर यूसीएलएने १९६७, १९६८ आणि १९६९ अशी ओळीने तीन विजेतीपदे मिळवली. परंतु अशा असामान्य खेळाडूचे भवितव्य सांगायला फारशी जाण लागत नाही. ज्याच्याविषयी कोणालाच शंका नसते त्याच्याविषयीचे मत खरे ठरले म्हणून मत देणाऱ्याची पारख सिद्ध होत नाही. तिचा कस लागतो तो मधल्या प्रतीच्या, हंगामभर बाकावर बसून राहिलेल्या मुलांच्या बाबतीत.

या मुलांकडे पाहण्याची दृष्टी बिघडण्यास व्यावसायिक संघांच्या २००६ च्या खेळाडू-निवडीपासून लागू झालेला एक नियम बऱ्याच अंशी कारणीभूत ठरला. एनबीए या व्यावसायिक संघटनेने खेळाडूचे वय किमान १९ वर्षे असावे आणि अमेरिकी खेळाडूंच्या बाबतीत शालेय शिक्षण संपून एक वर्ष उलटलेले असावे, अशी अट घातली. परिणामी सर्वांत गुणवान मुले एकच वर्ष महाविद्यालयात खेळून निघून जाऊ लागली आणि पहिल्याच वर्षी चमकला नाही तो कमी प्रतीचा, असा समज रूढ झाला. शालेय खेळाडूंना तारे देऊन त्यांची क्रमवारी लावण्याच्या पद्धतीने त्यात भर घातली. अगदी वरच्या टोकाला ही क्रमवारी बऱ्यापैकी खरी ठरते, हे मान्य केले पाहिजे. त्याखाली मात्र तिचा भरवसा झपाट्याने ओसरतो, आणि बहुतेक विद्यापीठांचे संघ तर त्याखालच्याच खेळाडूंचे बनलेले असतात.

मॅडिसन येथील विस्कॉन्सिन विद्यापीठाचा फ्रँक कामिन्स्की हे याचे सर्वांत बोलके उदाहरण आहे. सात फूट उंचीचा हा खेळाडू २०११-१२ च्या हंगामात, पहिल्या वर्षी, सामन्यामागे सरासरी १.८ गुण मिळवत होता. दुसऱ्या वर्षी ही सरासरी ४.२ झाली, तिसऱ्या वर्षी १३.९ आणि चौथ्या वर्षी १८.८. त्या चौथ्या वर्षी, २०१५ मध्ये, तो देशातील सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडू ठरला. हे चार आकडे नुसते एकाखाली एक लिहिले, तर दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षांच्या दरम्यान काही चमत्कार घडला असे वाटते, आणि चाहत्यांच्या स्मरणात ही कथा त्याच रूपात राहिली आहे. पण त्याला मिळालेला वेळ पाहिला की चित्र बदलते. पहिल्या वर्षी तो सामन्यामागे जेमतेम पावणेआठ मिनिटे खेळला, दुसऱ्या वर्षी दहाच्या थोडे वर, तिसऱ्या वर्षी सत्तावीस. महाविद्यालयीन सामना ४० मिनिटांचा असतो, म्हणून गुणांचा हिशेब दर ४० मिनिटांमागे केला, तर चार वर्षांचे आकडे अनुक्रमे सुमारे ९, १६, २० आणि २२ असे येतात. म्हणजे सर्वांत मोठी झेप पहिल्या व दुसऱ्या वर्षांच्या मध्ये होती, त्याच्याकडे फारसे कोणाचे लक्ष नव्हते तेव्हा. तिसऱ्या वर्षी जे बदलले ते प्रामुख्याने त्याच्यासाठी मोकळे झालेले मैदान होते, कारण बास्केटजवळच्या जागांवर खेळणारे संघाचे तीन अनुभवी खेळाडू २०१३ मध्ये पदवी घेऊन गेले होते. नोव्हेंबर २०१३ मध्ये नॉर्थ डाकोटाविरुद्ध त्याने एकाच सामन्यात ४३ गुण मिळवून विद्यापीठाचा विक्रम मोडला, तेव्हा अनेकांना त्याचा उदय आकस्मिक वाटला. त्याची चाहूल मात्र आदल्या वर्षीच्या दहा मिनिटांत लागलेली होती.

या हिशेबालाही मर्यादा आहेत आणि त्या लपवणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. बाकावरून येणारा खेळाडू पुष्कळदा प्रतिस्पर्ध्याच्या दुय्यम खेळाडूंविरुद्ध, कधी निकाल ठरून गेल्यावर खेळतो. त्याला दम राखून ठेवावा लागत नाही आणि दहा मिनिटांत फाउलची मर्यादा गाठण्याची भीतीही नसते. म्हणून मिनिटांच्या हिशेबाने क्षमता सिद्ध होत नाही, पण कोणत्या खेळाडूकडे अधिक बारकाईने पाहावे हे तो सांगतो. त्याच्या जोडीला सहभागाचे प्रमाण पाहावे लागते. खेळाडू मैदानावर असताना संघाच्या किती चाली त्याच्या फेकीने, फ्री थ्रोने अथवा त्याने चेंडू गमावल्याने संपतात, त्याला हे नाव देता येईल. दुबळ्या संघात कोणाला तरी चेंडू फेकावाच लागतो, त्यामुळे पंधरा गुणांची सरासरी असलेला नवखा तेथे तारणहार भासतो. बलाढ्य संघात तोच मुलगा पाच गुणांवर राहिला असता.

याची उलट बाजू २०१४-१५ च्या केंटकी संघात दिसली. शालेय पातळीवर देशभर गाजलेल्या खेळाडूंनी भरलेल्या या संघात प्रशिक्षक जॉन कॅलिपारी यांना वेळेची वाटणीच करावी लागे. त्या संघातील प्रथम वर्षाचा डेव्हिन बुकर एकाही सामन्यात सुरुवातीच्या पाच जणांत नव्हता आणि सामन्यामागे २१ मिनिटांत १० गुण मिळवत होता. त्या वर्षीच्या एनबीए निवडीत तो तेराव्या क्रमांकावर गेला आणि मार्च २०१७ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, त्याने एका व्यावसायिक सामन्यात ७० गुण मिळवले. दहाचा तो आकडा केंटकीच्या श्रीमंतीचे मोजमाप होता. बुकरच्या कुवतीविषयी त्यातून फारच थोडे कळत होते. ३८ सामने सलग जिंकलेल्या याच संघाला राष्ट्रीय स्पर्धेच्या उपांत्य फेरीत कामिन्स्कीच्या विस्कॉन्सिनने ७१-६४ असे हरवले. संयमाने घडवलेल्या संघाची ही सरशी होती असे म्हणावेसे वाटते, पण दोनच दिवसांनी प्रथम वर्षाच्या मुलांवर उभ्या असलेल्या ड्यूक संघाने विस्कॉन्सिनला अंतिम सामन्यात ६८-६३ असे नमवले, तेव्हा तो निष्कर्ष इतक्या सहजासहजी काढता येत नाही. त्या सामन्यात ड्यूकच्या ग्रेसन ॲलनने १६ गुण मिळवले. हंगामभर तो सामन्यामागे नऊ मिनिटे खेळून ४.४ गुणांवर होता. दर ४० मिनिटांमागे हे प्रमाण १९ च्या आसपास पडते. पुढच्या वर्षी पूर्ण वेळ मिळताच त्याची सरासरी २१.६ झाली, आणि त्याच्या पुढच्या वर्षी ती १४.५ पर्यंत घसरली. तरुण खेळाडूची प्रगती सरळ रेषेत होते, हे चाहत्यांचे सर्वांत आवडते गृहीतक आहे आणि ते सर्वांत कमी वेळा खरे ठरते.

फेकीच्या टक्केवारीबाबत तर अधिकच सावध राहावे लागते. एखाद्या प्रथम वर्षाच्या खेळाडूने हंगामात तीन गुणांच्या रेषेबाहेरून ६० वेळा चेंडू फेकला आणि त्यातील २० यशस्वी झाले, तर त्याची टक्केवारी ३३ होते आणि तो साधारण नेमबाज म्हणवला जातो. २४ यशस्वी झाले असते तर ती ४० झाली असती आणि त्याची गणना उत्कृष्ट नेमबाजांत झाली असती. हा फरक अवघ्या चार चेंडूंचा आहे. ओक्लाहोमा विद्यापीठाच्या बडी हील्डची पहिल्या वर्षीची अशी टक्केवारी सुमारे २४ होती आणि चौथ्या वर्षी ती ४५ च्या वर गेली. यात त्याच्या कष्टांचा वाटा निःसंशय मोठा आहे, परंतु पहिल्या वर्षाचे आकडे इतके तुटपुंजे होते की त्यांवरून त्याला कायमचा शिक्का मारणे तेव्हाही अन्यायाचेच होते.

एका सामन्यावरून दिलेला निवाडा त्याहून वाईट असतो. इंडियाना राज्यातील पर्ड्यू विद्यापीठाचा प्रथम मानांकित संघ मार्च २०२३ मध्ये सोळाव्या मानांकनाच्या फेअर्ली डिकिन्सनकडून ६३-५८ असा हरला. त्या दिवशी पर्ड्यूच्या तीन गुणांच्या २६ फेकींपैकी केवळ ५ यशस्वी झाल्या, आणि ब्रेडन स्मिथ व फ्लेचर लॉयर हे प्रथम वर्षाचे दोन गार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेणारे व बाहेरून नेम साधणारे खेळाडू, मोठ्या सामन्यांना पुरे पडणार नाहीत, अशी टीका झाली. दुसऱ्या वर्षी त्याच दोघांना घेऊन उतरलेल्या पर्ड्यूची तीन गुणांची टक्केवारी हंगामभर ४० च्या आसपास राहिली आणि संघ १९६९ नंतर प्रथमच राष्ट्रीय अंतिम सामन्यात पोहोचला. स्मिथला २०२५ मध्ये देशातील सर्वोत्तम पॉइंट गार्डचा बॉब कूझी पुरस्कार मिळाला.

येथे वयाचा विचार आवश्यक ठरतो. ज्यांच्याविषयी हे निवाडे दिले जातात ती अठरा-एकोणीस वर्षांची मुले असतात, घरापासून दूर राहून शिकत असतात, आणि त्यांच्याविषयी बोलले गेलेले आज त्यांच्यापर्यंत पोहोचल्याशिवाय राहत नाही. मे २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने राज्यांना खेळांवरील सट्टा कायदेशीर करण्याची वाट मोकळी झाली. त्यानंतर एकेका महाविद्यालयीन खेळाडूच्या गुणांवर आणि रिबाउंडवर पैसे लागू लागले, आणि पैसे गमावलेल्यांकडून खेळाडूंना शिव्याशाप व धमक्या येऊ लागल्या. महाविद्यालयीन क्रीडास्पर्धांची नियामक संस्था असलेल्या एनसीएएच्या अध्यक्षांनी अशा वैयक्तिक सट्ट्यावर बंदी घालण्याची मागणी २०२४ मध्ये जाहीरपणे केली, आणि ती सर्वस्वी योग्य आहे. संघावर प्रेम करणाऱ्याची कठोर पारख मुलाला सहन करता येते, कारण तिच्यात त्याच्या उद्याची आस्था असते. त्याच्या आजच्या गुणांवर पैसे लावणाऱ्याला त्या उद्याशी काहीच देणेघेणे नसते.

गेल्या काही वर्षांत या पारखीचा आधारच हलला आहे. पूर्वी विद्यापीठ बदलणाऱ्या खेळाडूला एक वर्ष सामने न खेळता काढावे लागे. २०२१ मध्ये ही अट पहिल्या बदलापुरती रद्द झाली आणि २०२४ पासून, शैक्षणिक पात्रता राखली तर, कितीही वेळा बदल करता येतो. स्वतःच्या नावाचा व प्रतिमेचा मोबदला घेण्याचा हक्क खेळाडूंना जुलै २०२१ मध्ये मिळाला आणि २०२५ पासून विद्यापीठे त्यांना थेट पैसे देऊ शकतात. प्रशिक्षक अधिक वेतनासाठी मन मानेल तेव्हा विद्यापीठ बदलत असताना खेळाडूंना बांधून ठेवणे कधीच न्याय्य नव्हते, म्हणून जुने नियम परत यावेत अशी इच्छा बाळगता येत नाही. पण दुसऱ्या वर्षाच्या शेवटी ४.२ गुणांवर असलेला कामिन्स्की आजच्या व्यवस्थेत मॅडिसनलाच राहिला असता का, हा प्रश्न उरतोच, आणि तो गेला असता तर त्याला बाकावर ओळखणाऱ्या चाहत्याची दोन वर्षांची निरीक्षणे दुसऱ्याच गावाच्या कामी आली असती.

तरीही ही निरीक्षणे निरर्थक झालेली नाहीत. २०२४ च्या अंतिम सामन्यात पर्ड्यूला ७५-६० असे हरवणाऱ्या कनेटिकट संघात ट्रिस्टन न्यूटन ईस्ट कॅरोलिनाहून आणि कॅम स्पेन्सर रटगर्सहून आलेले होते, स्टेफन कॅसल प्रथम वर्षाचा होता, आणि बास्केटखालची बाजू सांभाळणारा सात फुटांहून उंच डोनोव्हन क्लिंगन याच संघात आदल्या वर्षी अदामा सनोगोच्या मागे दुसऱ्या फळीत होता. त्या वर्षी तो सामन्यामागे १३ मिनिटे खेळून ६.९ गुण मिळवत असे. दर ४० मिनिटांमागे हे प्रमाण २१ पडते. सनोगो गेल्यावर, मुख्य जागा मिळालेल्या वर्षी, ते २३ झाले. बाहेरून कोण येणार हे २०२३ च्या उन्हाळ्यात कनेटिकटच्या चाहत्याच्या हाती नव्हते, पण त्या तेरा मिनिटांत क्लिंगन बचाव करताना पाय कसे टाकतो, उगाच फाउल न करता उंचीचा उपयोग कसा करतो आणि दोघांनी घेरल्यावर चेंडू कोठे देतो, हे त्याला त्या हंगामातच पाहता आले होते.