बेट झालेल्या गावातला पोलीस

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी ४५ फूट. नदीकाठची गावं बेटं झाली. पलूस तालुक्यात येरळा कृष्णेला मिळते त्या ब्रह्मनाळला ८ ऑगस्टला लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि बारापेक्षा जास्त माणसं गेली. बोट ग्रामपंचायतीची होती. सरकारी मदतीची वाट पाहून थकलेल्या गावानं स्वतःच माणसं हलवायला घेतली होती.

पोलिसांच्या मनोधैर्याचा प्रश्न मला अशा गावातून पाहावासा वाटतो. कुणी चौकशीची मागणी केली की पोलिसांचं खच्चीकरण होतंय, अशी ओरड होते. ती मला मुळातच चुकीची वाटते. गळ्याएवढ्या पाण्यात उतरलेल्या शिपायाचं बळ चौकशीनं जात नाही. लाइफ जॅकेट नसलं, बोट चालवायला कुणी शिकवलेलं नसलं, सलग ड्युटीनंतर पाठ टेकायला जागा नसली, तेव्हा ते जातं. आणि दार वाजवल्यावर आतल्या माणसानं त्याच्यावर विश्वास ठेवला नाही, तेव्हाही जातं.

हा विश्वास सांगलीत त्या पुराआधीच मोडला होता. नोव्हेंबर २०१७ मध्ये सांगली शहर पोलिसांच्या कोठडीत एका तरुणाचा मृत्यू झाला, त्याचा मृतदेह आंबोलीला नेऊन जाळण्यात आला आणि पोलिसांवरच खुनाचा गुन्हा दाखल झाला. लोक रस्त्यावर उतरले, ते योग्यच होतं. पण त्या प्रकरणाशी काडीचा संबंध नसलेल्या शेकडो शिपायांनाही पुढं त्याच संशयाच्या नजरा झेलाव्या लागल्या. दोषींना पाठीशी घालणारा अधिकारी या शिपायांचंच नुकसान करतो.

विश्वास तुटल्यावर काय होतं, याची आपल्या भागाला जुनी ओळख आहे. १९४३ नंतर कुंडल आणि आसपासच्या गावांनी नाना पाटलांच्या प्रतिसरकारला साथ दिली, तेव्हा इंग्रजांच्या पोलिसांकडं बंदुका होत्या, पण गावातून खबर मिळत नव्हती. न्यायनिवाडा गावच्या पंचांकडं गेला होता. लोकांनी पाठ फिरवली की पोलीस ठाणं किती दुबळं होतं, हे या मातीनं पाहिलंय.

आता साताऱ्यातल्या कोयना धरणाकडं बघा. शिवसागर जलाशयाच्या पलीकडं कांदाटी खोऱ्यातली अनेक गावं बऱ्याच अंशी लाँचच्या भरवशावर राहिली आहेत. तिथं रोजचा कायदा म्हणजे पोलीस पाटील. १९६७ च्या ग्राम पोलीस अधिनियमानं त्याच्यावर खबर देण्यापासून शांतता राखण्यापर्यंतची कामं टाकली. मानधन २०२४ मध्ये कुठं १५ हजारांवर आलं. त्याचं खरं ओझं मात्र वेगळं. आरोपी त्याचा चुलतभाऊ असतो, फिर्यादी बाई त्याच्या बायकोची मैत्रीण. अशा गुंत्याचं काय होतं, ते पॅसिफिकमधल्या पिटकेर्न बेटावर दिसलं. त्या बेटावर तेव्हा जेमतेम पन्नास माणसं. मुलींवरच्या अत्याचारांना तिथं वाचा फुटली ती १९९९ मध्ये, बाहेरून आलेल्या एका ब्रिटिश महिला पोलिसासमोर. २००४ मध्ये खटले उभे राहिले. लहान गावाची एकी माणसाला सांभाळते, तशीच ती त्याचं तोंडही बंद करते. म्हणून पोलिसांना मिळणारा जनतेचा पाठिंबा म्हणजे गावच्या चार वजनदार माणसांचा पाठिंबा, असं मी मानत नाही. त्या गावातली सर्वांत एकटी बाई निर्धास्तपणे तक्रार करू शकते का, एवढंच मी विचारीन.

तिनं कुठं जायचं? पोलीस सुधारणांच्या प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २००६ मध्ये पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी जिल्हा पातळीवर प्राधिकरण सांगितलं होतं. महाराष्ट्राच्या २०१४ च्या कायद्यानं ते विभागापाशी थांबवलं. सातारा-सांगलीसाठी विभाग म्हणजे पुणे. जिला तालुक्याला जायलाही आधी लाँच धरावी लागते, तिच्यासाठी हे प्राधिकरण असून नसल्यासारखं आहे. ते जिल्ह्यात आणा, आणि नदीकाठच्या प्रत्येक ठाण्याला बोट व ती चालवणारी शिकलेली माणसं पावसाळ्याआधी द्या. यातलं एक देऊन दुसरं अडवू नका.